डेअरीच्या ॲपमध्ये एका नोंदीला चार-चार पावत्या निघायल्यात, लाइव्हडेटाचा घोळ आहे काय?

खानापुरी_पाऊस
नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी ॲप करून दिलंय. अँड्रॉइड, कॉटलिन, एकच ॲक्टिव्हिटी (ॲपची मुख्य खिडकी) अन् आत फ्रॅगमेंट (एकेका स्क्रीनचा तुकडा), स्क्रीन मांडायची जुनी एक्सएमएलची पद्धत, नवी कंपोजची नाही. सेक्रेटरी उत्पादकाचा कोड नंबर घालतात, काट्यावरनं लिटर येतं, मशीनवरनं फॅट अन् एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, सेव्ह दाबलं की रूममध्ये, म्हणजे फोनमधल्या डेटाबेसमध्ये, नोंद जाते अन् ब्लूटूथच्या थर्मल प्रिंटरवर पावती निघते; छापायची खबर लाइव्हडेटामधनं जाते, म्हणजे नवी किंमत आली की ऐकणाऱ्या कोडला (ऑब्झर्व्हरला) कळवणारी सोय. एवढंच.

आता झालंय काय की पावत्या जास्तीच्या निघायल्यात. सकाळी बरं असतं, एकाला एक. संध्याकाळच्या संकलनाला एकेका माणसाला तीन, चार, परवा तर एका म्हातारबाला सहा पावत्या निघाल्या अन् ते सगळ्या खिशात घालून गेले, म्हणाले दहा दिवसाच्या बिलाला बघू. डेटाबेसमध्ये नोंद एकच आहे, ते मी तपासलं, म्हणजे पैशाचा घोळ नाही. पण गावात एकदा चर्चा सुरू झाली की मशीन खोटं आहे म्हणून, मग काय सांगणार.

माझ्या घरी काही केल्या होत नाही. मी दहा नोंदी घालून बघितल्या, दहाच पावत्या.

अजून एक गंमत. सेक्रेटरींना कन्नड सोयीचं पडतं, त्यांचा पोरगा संध्याकाळी बसतो त्याला मराठी पाहिजे, म्हणून ॲपमध्ये भाषा बदलायचं बटण दिलंय. तर सेक्रेटरी म्हणालेत की पावत्या लई यायला लागल्या की भाषा कन्नड करायची अन् परत मराठी करायची, दोन फुकटच्या पावत्या निघतात अन् मग सगळं सरळ चालतंय. मला वाटलं अंधश्रद्धा आहे. पण खरंच होतंय म्हणे.

निपाणीकर_नाना
नेटवर्क बघ आधी. आमच्याकडं कोगनोळीच्या पुढं मागं झालं की टॉवर ह्या राज्यातला का त्या राज्यातला ते फोनलाच कळत नाही, रिक्वेस्ट जाते, उत्तर येत नाही, ॲप परत पाठवतं. आमच्या दुकानाच्या बिलिंगला असंच डबल व्हायचं.

खानापुरी_पाऊस
नाना, इथं सर्व्हरच नाही हो. नोंद फोनमध्येच, पावती ब्लूटूथवर. पावसाळ्यात आमच्याकडं नेटवर्क असतंय कुठं! विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवलं तरी तेच.

कुंदा_कोडर
सेक्रेटरींना माझा नमस्कार सांग, निम्मं निदान त्यांनीच केलंय. दोन गोष्टी सांग. पावती छापायचा कोड ज्या ऑब्झर्व्हमध्ये आहे ती ओळ जशीच्या तशी टाक. अन् संकलन चालू असताना ते मध्येच दुसऱ्या स्क्रीनवर जातात काय, यादी-बिदी बघायला?

खानापुरी_पाऊस
जातात की. कुणी विचारलं काल माझं किती भरलं की यादी उघडतात, बॅक दाबून परत येतात. दिवसातनं दहा-वीस वेळा.

ओळ अशी आहे, ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये (स्क्रीनचा व्ह्यू तयार झाला की चालतं ते): व्ह्यूमॉडेल.सेव्हझालेलीपावती.ऑब्झर्व्ह(धिस) आणि आत प्रिंटर.छाप(पावती). व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा धरून ठेवणारा क्लास) ॲक्टिव्हिटीचा आहे, दोन्ही फ्रॅगमेंट तोच वापरतात.

कुंदा_कोडर
मर्दा, सापडलं. त्या कंसातल्या 'धिस'मध्ये आहे सगळं, धिस म्हणजे तो फ्रॅगमेंट स्वतः.

फ्रॅगमेंटला जन्म-मरण दोन प्रकारचं असतं. एक फ्रॅगमेंटचं स्वतःचं अन् एक त्याच्या व्ह्यूचं, म्हणजे दिसणाऱ्या भागाचं. तू यादीवर गेलास की नोंदीचा फ्रॅगमेंट बॅकस्टॅकमध्ये (मागं ठेवलेल्या स्क्रीनच्या चळतीत) जातो, त्याचा व्ह्यू मोडतो, ऑनडिस्ट्रॉयव्ह्यू येतं, पण ऑनडिस्ट्रॉय येत नाही, फ्रॅगमेंट जिताच असतो. बॅक दाबलं की त्याच फ्रॅगमेंटला नवा व्ह्यू मिळतो अन् ऑनव्ह्यूक्रिएटेड परत चालतं. म्हणजे तुझी ऑब्झर्व्हची ओळ परत चालली. पहिला ऑब्झर्व्हर गेला काय? नाही, कारण तू त्याला 'धिस'ला बांधलंयस अन् धिस अजून मेलेला नाही. आता दोन झाले. परत यादी बघून आला, तीन. सकाळपासनं ॲप बंद केलेलं नसतं, त्यामुळं संध्याकाळपर्यंत साठत जातं. रात्री फोन पडून राहतो, सिस्टीम ॲपची प्रोसेस मारते, सकाळी परत एकापासनं सुरू. तू घरी दहा नोंदी घातल्यास पण मध्ये यादी उघडली नसशील, म्हणून तुला दिसलं नाही.

आता सेक्रेटरींचा उपाय. भाषा बदलली की कॉन्फिगरेशन बदललं, ॲक्टिव्हिटी मोडून नवी बनते, जुना फ्रॅगमेंट खराखुरा डिस्ट्रॉय होतो अन् त्याला लटकलेले सगळे ऑब्झर्व्हर आपोआप सुटतात. नव्या फ्रॅगमेंटला एकच ऑब्झर्व्हर. म्हणून सरळ चालतंय. अन् त्या दोन फुकटच्या पावत्या का येतात? व्ह्यूमॉडेल मात्र भाषा बदलताना मरत नाही, त्याच्या लाइव्हडेटामध्ये शेवटची पावती तशीच बसलेली असते, नवा ऑब्झर्व्हर आला की त्याला ती लगेच हातात देतो. कन्नड केलं एक, मराठी केलं दुसरी.

तू 'धिस'च्या जागी व्ह्यूलाइफसायकलओनर घाल, म्हणजे व्ह्यू मोडला की ऑब्झर्व्हर पण सुटेल. चारच्या एक होतील. फुकटच्या पावतीचं वेगळं बोलू, ते त्यानं जाणार नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
मी टेस्टिंगवाली. ही चूक इतक्या प्रोजेक्टमध्ये बघितलीय की आता पहिल्या दिवशीच एक काम करते, प्रत्येक स्क्रीनवरनं पुढं जाऊन पाच वेळा बॅक यायचं अन् मग सेव्ह दाबायचं. टोस्ट (स्क्रीनवर येऊन जाणारी छोटी सूचना) पाच वेळा आला की समजायचं. पण टोस्ट एकावर एक येतात म्हणून लोकांना कळत नाही, तुमच्याकडं कागद निघाला म्हणून कळलं. प्रिंटर हा फार प्रामाणिक डीबगर आहे.

अन् अँड्रॉइड स्टुडिओचं लिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) ह्याला ओरडतंय की, फ्रॅगमेंटमध्ये धिस दिलं तर. तुमच्याकडं वॉर्निंग बंद केलीय काय?

खानापुरी_पाऊस
बंद नाही केली, पण तीनशेवर वॉर्निंग आहेत, त्यात कुठली बघू ताई. हा कोड मी एका जुन्या ट्यूटोरियलवरनं उचललाय हे कबूल करतो.

कुंदा_कोडर
ट्यूटोरियलचा पण दोष म्हणता येत नाही. लाइव्हडेटा अन् व्ह्यूमॉडेलचं १.० आलं २०१७ च्या शेवटी, तेव्हा फ्रॅगमेंटच्या व्ह्यूला वेगळा ओनर नव्हताच, व्ह्यूलाइफसायकलओनर आला २०१८ मध्ये अँड्रॉइडएक्सच्या वेळेला. मधल्या काळात लिहिलेलं सगळं धिसवालंच आहे अन् ते नेटवर अजून तसंच पडलंय.

एक खबरदारी. डायलॉगफ्रॅगमेंटमध्ये जर तू ऑनक्रिएटडायलॉगमधनं नुसता अलर्टडायलॉग देत असशील तर तिथं व्ह्यू नसतोच, व्ह्यूलाइफसायकलओनर मागितलास की क्रॅश. तिथं धिसच बरोबर. नाहीतर फाइंड-रिप्लेस मारून मोकळा होशील अन् उद्या परत धागा काढशील.

खानापुरी_पाऊस
फाइंड-रिप्लेसच मारणार होतो, वाचवलंत.

(दुसऱ्या दिवशी)

केलं. जाऊन आलो गावाला, संध्याकाळचं संकलन संपेपर्यंत तिथंच बसलो. चार-सहा पावत्यांचं गेलं, एकदम गेलं. पण कुंदा म्हणाला तसंच, यादी बघून परत आलं की शेवटच्या माणसाची एक पावती निघतेच. भाषा बदलली की पण. फोन आडवा झाला की पण. आधी चार यायच्या तेव्हा लोक हसायचे, आता एकच जास्तीची येते तर संशय घेतात, ही दुसरी कुणाच्या नावावर म्हणून!

मांडे_खाऊ
लाइव्हडेटा सोडा अन् फ्लोवर (कॉटलिनची तसलीच नवी सोय) या. २०२६ उजाडलं तरी काय लाइव्हडेटा. स्टेटफ्लो घाला, रिपीटऑनलाइफसायकलमध्ये कलेक्ट करा (म्हणजे ऐका), झालं.

कुंदा_कोडर
मांडेभाऊ, स्टेटफ्लोनं हे कसं जाईल सांगा बघू. स्टेटफ्लो पण शेवटची किंमत धरूनच बसतो अन् नव्या कलेक्टरला पहिल्यांदा तीच देतो. अन् रिपीटऑनलाइफसायकल तर स्क्रीन मागं गेली की कलेक्ट रद्द करतो अन् पुढं आली की नव्यानं सुरू करतो, म्हणजे आता नुसता फोन लॉक करून उघडला तरी पावती निघेल. लाइव्हडेटा तेवढं तरी करत नव्हता, जुन्या ऑब्झर्व्हरला एकदा दिलेली किंमत तो परत देत नाही, कुठपर्यंत दिलं त्याचा आकडा ठेवतो आत. तुमच्या उपायानं रोग वाढतोय.

मांडे_खाऊ
मग शेअर्डफ्लो, रिप्ले शून्य. जुनं काही येणारच नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
अन् सेव्ह व्हायला नि फोन आडवा व्हायला एकच गाठ पडली तर? त्या क्षणी ऐकणारा कुणी नसतो, रिप्ले शून्य असलं की ती पावती हवेत गेली. दोन पावत्या परवडल्या, पण पावतीच नाही म्हटल्यावर उत्पादक काउंटर सोडणार नाही.

मांडे_खाऊ
चॅनेल घ्या मग, ते धरून ठेवतं ऐकणारा येईपर्यंत. पण हां, घेतलं अन् छापायच्या आत कलेक्टर रद्द झाला तर तिथंपण पक्की हमी नाही, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की नवीन कोड तरी फ्लोत लिहा.

हलगी_वाला
आमच्या फ्लटरमध्ये (ॲप करायची दुसरी पद्धत) या, हा तमाशाच नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
होय की, तुमच्याकडं डिस्पोज झाल्यावर सेटस्टेट मारलं म्हणून लाल अक्षरं येतात, अन् स्ट्रीमचं सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं राहिलं म्हणून तेच डबल-डबल. मी तुमच्याकडचे पण बग काढते हो भाऊ.

हलगी_वाला
गप बसतो.

कुंदा_कोडर
मूळ भानगड अशी आहे की 'शेवटची पावती ही आहे' ही झाली स्थिती, अन् 'पावती छाप' हा झाला हुकूम. स्थिती शंभर वेळा सांगितली तरी बिघडत नाही, फळ्यावर आजचा दर लिहिलाय, कितीही वेळा वाच. हुकूम मात्र एकदाच पाळायचा असतो. तू हुकूम फळ्यावर लिहून ठेवलायस, मग जो येईल तो वाचतोय अन् पाळतोय.

नेटवर इव्हेंट रॅपर, सिंगललाइव्हइव्हेंट असले पुष्कळ तोडगे मिळतील, एकदा वाचलं की झालं म्हणून खूण करणारे. टोस्टला चालतात. पण तुझ्याकडं कागद अन् पैसा आहे, मी असतो तर खूण मेमरीत न ठेवता डेटाबेसमध्येच ठेवली असती. नोंदीच्या टेबलला 'छापली' म्हणून एक कॉलम, शून्य किंवा एक. छापलं की एक. मग प्रोसेस मेली, फोन बंद पडला, भाषा बदलली, काहीही होऊ दे, खरं काय ते टेबल सांगेल.

खानापुरी_पाऊस
हे पटलं. म्हणजे 'छापली शून्य असलेल्या नोंदी' अशी क्वेरी रूमकडनं लाइव्हडेटा म्हणून घेतो, फ्रॅगमेंटमध्ये ऑब्झर्व्ह करतो, येईल ती छापतो अन् एक करतो. बरोबर?

कुंदा_कोडर
थांब थांब, इथंच लोक दुसऱ्यांदा पडतात. रूम टेबल बघतंय, ओळ बघत नाही. त्या टेबलमध्ये कुठंही काही बदललं की तुझी क्वेरी परत चालते अन् यादी परत येते. म्हणजे पाटलांची पावती प्रिंटरवर चाललीय, ब्लूटूथला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात पुढच्याची नोंद सेव्ह झाली, यादी परत आली, त्यात पाटील अजून शून्यच, परत छापायला गेली. आला की नाही घोळ फिरून?

छपाई फ्रॅगमेंटच्या बाहेर काढ. स्क्रीनचा अन् प्रिंटरचा संबंध काय? ॲप्लिकेशनच्या पातळीवर एक छपाईवाला क्लास कर, त्याला एक रांग, एका वेळी एकच काम, अन् छापायला घेताना नोंदीचा नंबर घेऊन टेबलमध्ये परत एकदा बघायचं, अजून शून्य आहे काय. फ्रॅगमेंटनं फक्त 'छापतोय', 'छापलं', 'कागद बघा' असं दाखवायचं. ते शंभर वेळा दाखवलं तरी कागद निघत नाही.

निपाणीकर_नाना
मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) कॉन्फिगचेंजेस म्हणून घालतात ना, स्क्रीन फिरली तरी ॲक्टिव्हिटी मोडत नाही. आमच्या पोरानं तेच घातलंय.

चिकोडी_एक्सप्रेस
नाना, त्यानं फिरवण्याचं झाकलं जाईल, बॅकस्टॅकचं नाही. अन् प्रोसेस मेली तर काहीच नाही. ते म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली.

खानापुरी_पाऊस
करालोय ते. आता आलोच आहे तर अजून दोन विचारून घेतो, वेगळा धागा काढत नाही.

एक, वरती एकूण लिटर दाखवतो ते कधीकधी कमी येतंय. काट्याचं रीडिंग बॅकग्राउंड थ्रेडवर येतं, मी पोस्टव्हॅल्यू करतो अन् फ्रॅगमेंटच्या ऑब्झर्व्हरमध्ये एकूण अधिक नवीन असं करत जातो.

दोन, मराठी भाषा ठेवली की काही फोनवर फॅटच्या जागी क्रॅश. कन्नडमध्ये होत नाही. हे सेक्रेटरींना अजून सांगितलं नाही, नाहीतर वेगळाच अर्थ निघायचा 🙂

कुंदा_कोडर
पहिलं सोपं आहे. पोस्टव्हॅल्यू म्हणजे मुख्य थ्रेडच्या टेबलावर चिठ्ठी ठेवणं, अन् चिठ्ठीला जागा एकच. मुख्य थ्रेडनं उचलायच्या आत दुसरी आली की पहिली गेली. ८.५ लिटर पोस्ट केलं, लगेच ६ पोस्ट केलं, ऑब्झर्व्हरला फक्त ६ दिसलं, ८.५ बेरजेत आलंच नाही. त्यात भर म्हणजे स्क्रीन बंद असताना ऑब्झर्व्हर झोपलेला असतो, उठल्यावर त्याला फक्त शेवटचं मिळतं, मधलं नाही. म्हणून ऑब्झर्व्हरमध्ये कधी बेरीज करायची नाही, तो बघ्या आहे, त्याला हिशेब सांगू नको. बेरीज रूमला करू दे, आजच्या तारखेची अन् त्या वेळेची, तेच लाइव्हडेटा म्हणून दाखव.

चिकोडी_एक्सप्रेस
दुसरं मला माहीत आहे, आमच्याकडं झालेलं. स्ट्रिंग.फॉरमॅट लोकेल (भाषा-प्रांताची सेटिंग) न देता वापरलंय ना? मराठी लोकेलचे आकडे देवनागरी असतात, त्यामुळं ४.२ हे देवनागरीतच येतंय अन् नंतर तुम्ही त्याला टूडबल करता (मजकुराचा दशांश आकडा करता) तिथं फुटतंय, टूडबलला देवनागरी कळत नाही. कन्नड लोकेलमध्ये आकडे साधे इंग्रजीच येतात, म्हणून तिकडं चालतंय. दाखवायला कुठलेही आकडे दाखवा, पण साठवताना अन् मशीनशी बोलताना लोकेल.रूट द्या. खरं तर फॅट स्ट्रिंगमध्ये ठेवायचंच कशाला, डबल ठेवा.

अन् भाषेवरनं आठवलं. व्ह्यूमॉडेलमध्ये तयार वाक्य साठवलंय काय, 'नोंद झाली' असं? व्ह्यूमॉडेल भाषा बदलली तरी तोच राहतो, त्यामुळं सगळी स्क्रीन मराठी अन् ते एक वाक्य कन्नडच राहतंय. तिथं रिसोर्सचा आयडी (भाषांतराच्या फाइलमधल्या वाक्याची खूण) ठेवा, वाक्य फ्रॅगमेंटला काढू दे.

खानापुरी_पाऊस
ताई तुम्ही माझा फोन बघताय काय? हुबेहूब हेच होतंय, मला वाटलं भाषांतराची फाइल चुकली म्हणून दोन दिवस तीच बघत होतो.

निपाणीकर_नाना
एवढ्यावरनं कुणी कुठली भाषा पहिली ठेवायची ते काढू नका हां इथं. मागच्या वेळी धागा कुलूपबंद झालेला.

चिकोडी_एक्सप्रेस
कुणी नाही काढत नाना.

खानापुरी, सगळं झालं की प्रोसेस मारून बघायला विसरू नका. डेव्हलपर ऑप्शनमधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' लावून लोक समजतात झालं, पण त्यात ॲक्टिव्हिटी अन् व्ह्यूमॉडेल जातो, प्रोसेस राहतेच, तुमचे सिंगलटन (ॲपभर एकच असणारे ऑब्जेक्ट) जिवंतच असतात. खरं बघायचं तर अर्धी नोंद भरायची, होम दाबायचं, अन् कॉम्प्युटरवरनं एडीबी शेल एएम किल करून पॅकेजचं नाव द्यायचं, मग रीसेंटमधनं ॲप उघडायचं. कोड नंबर गायब झाला तर तो सेव्हडस्टेटहँडलमध्ये (प्रोसेस मेली तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा. स्वस्तातल्या फोनवर हे रोज होतं, सेक्रेटरी फोन घेतात, फोटो काढतात, तेवढ्यात मेमरी कमी पडते.

खानापुरी_पाऊस
(आठ दिवसांनी)

सांगायचं राहिलं म्हणून आलो. छपाईची रांग वेगळी केली, छापली कॉलम घातला, मायग्रेशन (जुना डेटाबेस नव्या रचनेत आणणारा कोड) लिहिलं. जुन्या सगळ्या नोंदी मायग्रेशनमध्येच एक करून टाकल्या, नाहीतर पहिल्यांदा ॲप उघडल्यावर वर्षभराच्या पावत्या निघाल्या असत्या, हे मला रात्री दीड वाजता सुचलं, बिल्ड पाठवायच्या आधी, देवाची कृपा. फॅट डबल केलं. एकूण लिटर रूमकडनं. एएम किल करून बघितलं, कोड नंबर जात होता, तो पण धरला.

आठ दिवसांत जास्तीची पावती एक पण नाही. पण नवीन तक्रार आलीय. कागदाचा रोल संपला की पावती निघत नाही अन् टेबलमध्ये छापली एक होऊन बसतंय, कारण आमचा स्वस्तातला प्रिंटर कागद संपला म्हणून सांगतच नाही, बाइट घेतो अन् गप्प बसतो. त्यावर शेवटी बटणच दिलं, 'परत छापा', अन् त्या पावतीवर वरती मोठ्यानं 'दुसरी प्रत' लिहून येतंय, म्हणजे म्हातारबा दोन्ही घेऊन आले तरी कळेल.

कुंदा_कोडर
झकास. बेळगावात आलास की सांग, मी दिवाळीला शहापुरात असतोय, कुंदा माझ्याकडनं.

चिकोडी_एक्सप्रेस
सेक्रेटरींना सांगितलं काय, आता भाषा बदलायची गरज नाही म्हणून?

खानापुरी_पाऊस
सांगितलं ताई. होय म्हणालेत, पण हाताला सवय लागलीय, संध्याकाळी बसायच्या आधी एकदा कन्नड एकदा मराठी करतातच, उदबत्ती लावल्यासारखं. मी पण आता काही बोलत नाही, माझी रोजची टेस्टिंग फुकटात व्हायलीय.

निपाणीकर_नाना
तरीपण एकदा टॉवरचं बघून ठेव.